बादशाही आशूरखाना : हैदराबादच्या एका शोकगृहाचा इतिहास

हैदराबाद शहर हिजरी सन १००० मध्ये, म्हणजे इ.स. १५९१-९२ मध्ये वसले. चारमिनार हा त्या स्थापनेचा ठसा. त्यानंतरच्याच वर्षी चारमिनारच्या उत्तरेस, आज ज्या भागाला पत्थरगट्टी म्हणतात तेथे, सुलतान महंमद कुली कुतुबशहाने (कारकीर्द १५८० ते १६१२) आणखी एका इमारतीचे काम हाती घेतले. ती म्हणजे बादशाही आशूरखाना. तिचे बांधकाम इ.स. १५९२ ते १५९६ या काळातील मानले जाते. शहराच्या ज्या मक्का मशिदीचा आपण नेहमी अभिमानाने उल्लेख करतो तिचा पाया १६१७ मध्ये घातला गेला आणि ती १६९४ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे नव्या राजधानीत एका शोकगृहाची जागा मुक्रर झाली ती भव्य मशिदीच्या वीस-पंचवीस वर्षे आधी. संस्थापकाच्या मनात काय होते हे समजून घेण्यासाठी एवढा कालक्रम पुरेसा आहे. तरीही शहराच्या इतिहासावरील आपल्या मराठी लिखाणात या वास्तूला दोन-चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळालेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी. हि. ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी (इ.स. ६८०) इराकमधील करबला येथे हजरत इमाम हुसैन आणि त्यांचे साथीदार शहीद झाले. त्या दहाव्या दिवसाला ‘आशूरा’ म्हणतात; अरबी ‘अशर’ म्हणजे दहा. आशूऱ्याचा शोक पाळण्यासाठी जी वास्तू राखून ठेवलेली असते ती आशूरखाना. उत्तर हिंदुस्थानात हिलाच इमामबाडा म्हणतात, इराणात हुसैनिया, बहरैनमध्ये मातम. दख्खनने मात्र आपला शब्द वेगळा ठेवला, आणि वेगळेपण शब्दापुरते नाही. लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफुद्दौलाने १७८४ मध्ये सुरू केला. हैदराबादची वास्तू त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची आहे. लखनौत ताजिया हा केंद्रस्थानी असतो, तर दख्खनमध्ये अलम. अलम म्हणजे निशाण, ध्वज. करबलाच्या रणांगणात हजरत अब्बास यांनी जे निशाण धरले त्याची ती आठवण. सोने, चांदी, पितळ किंवा पोलाद यांचा कोरीव पत्रा दांड्यावर बसवून, त्याला कापडाची ‘धट्टी’ बांधून तो उभा करतात. हैदराबादी उर्दूत यासाठी ‘इस्तादा करणे’ असा शब्द रूढ आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘पंजे बसवणे’ म्हणतात ती हीच क्रिया होय.

आशूरखाना ही मशीद नव्हे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. येथे नमाज हा इमारतीचा मुख्य हेतू नसतो. येथे मजलिस भरते. जाकिर करबलाचा वृत्तान्त सांगतो, मरसिया, सोज आणि नौहा यांचे पठण होते, मातम होतो, शेवटी तबर्रुक वाटतात. शियांसाठी हा काळ आशूऱ्यापाशी संपत नाही. तो रबी-उल-अव्वलच्या आठव्या तारखेपर्यंत, म्हणजे दोन महिने आठ दिवस चालतो. लग्नकार्ये थांबतात, घरातील स्त्रियांच्या वेगळ्या मजलिसा भरतात. दहाव्या दिवशी रस्त्यावर निघणारी सवारी तेवढी पाहून जो मोहरमविषयी लिहितो, त्याला यातले फारच थोडे हाती लागते.

दख्खनची पूर्वपीठिका

महंमद कुलीने हे सारे इराणातून जसेच्या तसे उचलून आणले, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. त्याचा पेशवा मीर मोमिन अस्त्राबादी हा इराणातून आलेला विद्वान होता आणि हैदराबाद शहराच्या रचनेत त्याचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु १६ व्या शतकाच्या दख्खनमध्ये करबलाचे स्मरण आधीच रुजलेले होते. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने शतकाच्या आरंभीच शिया पंथाचा पुरस्कार केला. गोवळकोंड्यात सुलतान कुलीने बारा इमामांच्या नावे खुतबा सुरू केला. अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली १५३७ च्या सुमारास हाच मार्ग धरला. त्यांच्यासाठी उभारलेला ‘कोठला’ आजही त्या शहराच्या मोहरमचे केंद्र आहे. मूळ वास्तू विद्यालयासाठी होती, हे आपल्यासारख्या शिक्षकांनी विसरू नये.

याहून महत्त्वाचा पुरावा भाषेचा आहे. शाह अशरफ बियाबानी यांनी हि. ९०९ (इ.स. १५०३) मध्ये ‘नौसरहार’ ही मसनवी दख्खनीत रचली. तिचा विषय करबला हाच आहे. बियाबानी घराण्याचा संबंध जालना जिल्ह्यातील अंबडशी आहे. म्हणजे बादशाही आशूरखान्याची पहिली वीट बसण्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी मराठवाड्याच्या मातीत करबलाची कथा लोकांच्या बोलीत सांगितली जात होती, आणि ती सांगणारा कोणी दरबारी शिया उमराव नव्हता. तो सुन्नी सूफी परंपरेतला माणूस होता. उर्दू साहित्याच्या इतिहासात ‘नौसरहार’चा उल्लेख असतो, मराठीत तो अपवादानेच आढळतो. तिच्यातील अनेक शब्द मराठी विद्यार्थ्याला टिपेशिवाय कळतात, ही बाब वर्गात वापरून पाहण्यासारखी आहे.

महंमद कुली स्वतः कवी होता. डॉ. मोहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी १९४० मध्ये त्याचे कुल्लियात संपादित करून प्रसिद्ध केले. वसंत, पावसाळा, फळे, प्रेयसी यांवर भरभरून लिहिणाऱ्या या राजाने मरसियेही लिहिले आहेत. ज्याने आशूरखाना बांधला त्यानेच तेथे म्हणण्याजोग्या रचना केल्या, असा योग विरळाच.

वास्तू आणि तिच्या फरशा

मूळ दालन दगडचुन्याचे आहे. अलम पश्चिमेकडे उभे राहतात आणि दालन पूर्वेकडे खुले आहे. समोरील उंच लाकडी खांबांची दालने मूळची नाहीत. ती १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात आसफजाही काळात जोडली गेली. आवारात नक्कारखाना, न्याजखाना व आबदारखाना यांच्या इमारती होत्या. न्याजखान्यात अन्न शिजे, आबदारखान्यात पाणी व सरबताची सोय असे. करबलात तीन दिवस पाणी तोडले गेले होते. म्हणून मोहरमात पाणी पाजण्याला जे महत्त्व आहे त्याला इथे स्वतंत्र इमारत मिळाली.

पण ज्यासाठी कलेचे अभ्यासक दूरदुरून येतात त्या म्हणजे भिंतींवरच्या फरशा. ह्या चौकोनी, एकसारख्या छापाच्या फरशा नव्हेत. निरनिराळ्या रंगांत भाजलेल्या चकचकीत फरशांतून आकृतीच्या गरजेप्रमाणे तुकडे कापून, ते एकमेकांशेजारी बसवून हे काम केले आहे. भिंतीवर भव्य अलमांच्या आकृती आहेत, त्यांच्या पोटात सुलेखन आहे. षट्कोनांची जाळी आहे. कुंभातून वर चढत गेलेली वेलबुट्टी आहे. तंत्र इराणी आहे, रंग मात्र पाहावेत. निळा आणि फिरोजी आहेतच, पण त्यांच्या जोडीला मोहरीसारखा पिवळाधमक आणि तपकिरी असा काही खुलतो की ही दख्खनची रुची आहे हे सांगावे लागत नाही. आणि भिंतीवर चितारलेला अलम हाही इराणी नमुन्याची नक्कल नाही. दालनात प्रत्यक्ष अलम वर्षातून दोन महिने उभे असतात. भिंतीवरचे बाराही महिने.

या फरशांच्या काळाविषयी येथे थोडे थांबणे भाग आहे. फरशांचे काम १६११ सालचे, हे बहुतेक सर्व जण लिहितात. मात्र अनेक लोकप्रिय पुस्तिकांत ते अब्दुल्ला कुतुबशहाने करवून घेतले असेही त्याच ओळीत लिहिलेले असते. अब्दुल्लाचा जन्म १६१४ चा आणि राज्यारोहण १६२६ चे. तेव्हा दोन्ही विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. १६११ म्हणजे हि. १०२०. महंमद कुली जानेवारी १६१२ मध्ये वारला, तोही हि. १०२० मध्येच, त्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात. म्हणून हे काम त्याच्याच अखेरच्या वर्षातले ठरते. अगदीच ताणले तर त्याचा जावई व वारस सुलतान महंमद याच्या पहिल्या काही आठवड्यांतले. अब्दुल्लाचे नाव का चिकटले याचे कारण माझ्या मते सरळ आहे. आशूरखान्यातील समारंभांचे सर्वांत तपशीलवार वर्णन अब्दुल्लाच्या काळातले आहे. ज्याच्या काळची हकीकत हाती आली त्याच्याच पदरात लोकांनी इमारतीची शोभाही टाकली. सनावळी तपासण्याचा आळस केला की असे होते. हे उदाहरण मी इतिहासलेखनाच्या तासाला वापरण्याची शिफारस करीन, कारण ते पडताळायला दोन तारखांपलीकडे काही लागत नाही.

हे वर्णन निजामुद्दीन अहमदच्या ‘हदीकत-उस-सलातीन’ या फारसी ग्रंथात आहे. मोहरमचा चंद्र दिसला की नौबत थांबे. मद्य, मांस व विडा वर्ज्य होई. सुलतान काळी वस्त्रे धारण करी आणि दरबारी मंडळींनाही तशी वस्त्रे मिळत. आशूरखान्यात दिव्यांच्या दहा ओळी मांडलेल्या असत. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, याप्रमाणे रोज एक ओळ वाढवत दहाव्या रात्री सर्व ओळी उजळत. दिवे लावायला सुलतान स्वतः हजर राही. आशूऱ्याच्या दिवशी तो अनवाणी चाले. राज्यातील हिंदू प्रजाही या शोकात सामील होई.

याच अब्दुल्लाच्या आईची, हयात बख्शी बेगमची, आख्यायिका हैदराबादेत घरोघरी सांगतात. बाल अब्दुल्लाला घेऊन हत्ती उधळला व रानात शिरला. तो सुखरूप परतला तर हत्तीच्या साखळदंडाएवढा सोन्याचा लंगर हुसैनी अलमला वाहीन, असा नवस आईने केला. मुलगा परतला, नवस फिटला, आणि मोहरमच्या पाचव्या दिवसाची लंगरची मिरवणूक सुरू झाली. आख्यायिकेचा शब्दन् शब्द इतिहास मानायचे कारण नाही. पण हयात बख्शी बेगम ही महंमद कुलीची मुलगी, सुलतान महंमदची पत्नी आणि अब्दुल्लाची माता. तीन राजवटी तिने जवळून पाहिल्या. मोहरमच्या संस्था घडवण्यात राजघराण्यातील स्त्रियांचा हात होता, एवढे या कथेतून निश्चित कळते. निजामांच्या काळात याच लंगरला फौजेच्या संचलनाचे रूप आले, ही वेगळी गोष्ट.

बंडीखाना

१६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला. शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात कैदेत राहिला आणि तेथेच वारला. चिनी महालाचे नावही त्याच्या भिंतींवरील रंगीत फरशांवरून पडलेले. फरशांनी मढलेल्या आशूरखान्याचा वारस फरशांच्याच महालात बंदिवान व्हावा, हा योगायोग दौलताबादला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.

आशूरखान्याचे उत्पन्न बंद झाले, अलम उठले आणि वास्तूचा ‘बंडीखाना’ झाला, असे परंपरा सांगते. येथे शब्दाचा घोळ होण्याचा संभव आहे. काही मराठी लेखनात हा ‘बंदीखाना’, म्हणजे तुरुंग, असा छापलेला आढळतो. दख्खनी उर्दूत व तेलुगूत बंडी म्हणजे गाडी. विदर्भ-मराठवाड्याच्या बोलीतही बैलबंडी आहेच. तेव्हा बंडीखाना म्हणजे गाड्या ठेवण्याची, बैल बांधण्याची जागा. तुरुंग कल्पिला की जुलमाची एक गोष्ट तयार होते. गाडीखाना म्हटले की उरते ती बेपर्वाई. ज्या दालनात दहा रात्री दिवे वाढत जात तेथे छावणीच्या गाड्या उभ्या राहिल्या. मला यातले दुसरे अधिक क्लेशदायक वाटते.

ही अवस्था पाऊण शतकाहून अधिक टिकली. शिया कुटुंबे तेवढ्या काळात कोठे शोक पाळत होती? घराघरांत, हेच उत्तर संभवते. हैदराबादच्या जुन्या शहरात आजही खासगी आशूरखान्यांची संख्या मोठी आहे. दिवाणखान्याचा एक कोपरा, एक लाकडी कपाट, दोन-तीन अलम. राजाश्रय गेल्यावर परंपरा जगली ती बहुधा अशा कपाटांत.

पुनरुज्जीवन केले ते निजाम अली खान, आसफजाह दुसरे (१७६२ ते १८०३) यांनी. आसफजाही घराणे सुन्नी. तरीही त्यांनी वार्षिक नेमणूक पुन्हा चालू केली आणि समोरची लाकडी दालने उभारली. याच्या मागे केवळ औदार्य होते असे मानण्याची गरज नाही. दरबारात शिया उमराव प्रबळ होते. मीर आलमसारखा शुस्तरी घराण्यातला मुत्सद्दी पुढे दिवाण झाला, नंतर सालारजंगांचे घराणे आले. शिवाय जिंकलेल्या राज्याच्या जुन्या राजधानीत राहायचे, तर तिच्या जुन्या श्रद्धांशी नाते जोडणे राज्यकर्त्याच्या हिताचे होते. हेतू मिश्र असतात. त्यातून झालेले काम मात्र टिकाऊ ठरले. सातव्या निजामाने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मुसी नदीकाठी दारुलशिफा भागात अजाखाना-ए-जहरा बांधला तो याच परंपरेत. डबीरपुऱ्याचा बीबी का अलावा, जेथून आशूऱ्याच्या दिवशी बीबीचा अलम हत्तीवरून निघतो, आणि पत्थरगट्टीचा नाल-ए-मुबारक यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नालाचे संबंध थेट विजापूरशी जोडले जातात.

हैदराबादचे वर्णन करताना ‘सलोख्याचे प्रतीक’ हा शब्दप्रयोग आपण फार स्वस्त केला आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांनी आणि इंदूरला होळकरांनी ताजियांना आश्रय दिला, कडेगावचे उंच ताबूत अनेक जातीजमातींचे लोक मिळून उभारतात, बेळगाव-कलबुर्गीकडे कानडीत करबलाची पदे गायली जातात. हे सारे खरे आहे आणि मोलाचे आहे. परंतु आशूरखाना सलोखा दाखवण्यासाठी बांधलेला नाही. तो रडण्यासाठी बांधला. ज्यांचे ते दुःख आहे त्या लहानशा समाजाने गाडीखान्याच्या काळातही ते सोडले नाही. इतरांचा सहभाग हा त्या निष्ठेच्या आधारावर उभा राहिला. हा क्रम उलटा मांडला की यजमानच पाहुणा ठरतो.

खेड्यांतील आशूरखान्यांचा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा, बिदर, कलबुर्गी या भागांतील असंख्य गावांत आशूरखाने होते. त्यांतील फार थोडे शियांचे. बहुतेकांची व्यवस्था गावचा मुजावर पाही, आणि दिवाबत्ती, अलाव्याची लाकडे, सरबत, चोंगे यांच्या खर्चासाठी इनाम जमिनी लावून दिलेल्या असत. अलम उभे असताना समोर खड्डा खणून जो जाळ करतात तो ‘अलावा’. बीबी का अलावा या नावातही तोच शब्द आहे. राजधानीतला शब्द खेड्यात, की खेड्यातला राजधानीत, हे सांगणे सोपे नाही. संस्थान गेले, इनामे खालसा झाली किंवा हातोहात बदलली, आणि वक्फच्या याद्यांत ‘आशूरखाना’ अशी नोंद व सर्व्हे नंबर एवढेच काही ठिकाणी शिल्लक आहे. जागेवर गेल्यास कधी एक चौथरा दिसतो, कधी तोही नाही. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास व भाषा विभागांनी आपापल्या तालुक्यातील नोंदी, अलमांची नावे आणि म्हाताऱ्या मुजावरांच्या तोंडची पदे एवढे जरी टिपून ठेवले तरी ते मोठे काम होईल. मुजावर वर्षागणिक कमी होत आहेत.

बादशाही आशूरखान्याविषयी लिखित साधनांची तशी टंचाई नाही. अली असगर बिलग्रामी यांनी १९२० च्या दशकात दख्खनच्या वास्तूंची व शिलालेखांची नोंद केली, प्रा. हारून खान शेरवानी यांनी कुतुबशाहीचा साधार इतिहास लिहिला, उस्मानिया विद्यापीठाचे प्रा. सादिक नकवी यांनी कुतुबशाही आशूरखान्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पण यांतील एकही मराठीत आलेले नाही.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे गेली. पाणी आशूरखान्यातही शिरले आणि भिंतींच्या खालच्या भागातील फरशा निखळल्या. पुढे डागडुजी झाली तेव्हा तसे तुकडे कापणारे कारागीर मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्या जागी गिलावा करून त्यावर रंगाने फरशांची नक्षी चितारण्यात आली. दालनात उभे राहून पाहिले तर वर चकाकी आहे आणि खाली ती नाही. पिवळा रंग खाली मातकट होतो, निळा फिकट पडतो, षट्कोनांच्या रेघा किंचित हलतात. पुराचे पाणी चढले त्याची खूण म्हणून वेगळा दगड बसवण्याची गरज पडलेली नाही. मोहरमात अलम उभे राहिले, धट्ट्या बांधल्या गेल्या, की हा खालचा भाग त्यांच्या मागे बराचसा झाकला जातो.